नेट गेलं की आधी काय बघायचं

"भाऊ, नेट गेलं." गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि मला येणाऱ्या फोनची सुरुवात बहुतेक वेळा याच तीन शब्दांनी होते. पण या एका तक्रारीमागे तीन निरनिराळे बिघाड असू शकतात. तुमच्या फोनचं किंवा लॅपटॉपचं काहीतरी बिनसलेलं असेल, राऊटरपासून तुमच्यापर्यंत वायफाय धड पोचत नसेल, नाहीतर घराबाहेरून येणारी लाइनच बंद असेल. तिन्हींचे उपाय वेगळे. बिघाड कुठला हे न बघताच लोक पैसे घालतात, याचं मला फार वाईट वाटतं. शंभर एमबीपीएसचा प्लॅन सोडून तीनशेचा घेतात, नवा राऊटर आणतात, पोराला नवा फोन घेऊन देतात, आणि मागच्या खोलीत व्हिडिओ पूर्वीसारखाच अडकतो. म्हणून मी जी तपासणी करतो ती इथे सविस्तर देतोय. त्यातलं जवळजवळ सगळं तुम्हाला स्वतःला करता येतं.

दोष कुणाकडे, हे आधी ठरवा

पहिली गोष्ट म्हणजे घरातला दुसरा फोन हातात घ्या. त्यावर नेट चालत असेल तर राऊटरला हात लावू नका, दोष पहिल्या फोनचा आहे. दोन्हींवर चालत नसेल तर राऊटरच्या अगदी जवळ, त्याच खोलीत जाऊन बघा. तिथे चालतं आणि आत चालत नाही, तर प्रश्न पोचण्याचा आहे.

राऊटरपाशीही चालत नसेल तर एक छोटी चाचणी करा. ही मी सगळ्यांना शिकवतो. फोनचा मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर वायफाय कच्चं असलं की फोन गुपचूप डेटावर जातो आणि तुमची फसगत होते. मग राऊटर उलटा करून खालचं स्टिकर वाचा. त्यावर १९२.१६८.१.१ किंवा तसलाच एखादा पत्ता छापलेला असतो. तो ब्राउझरमध्ये टाका. राऊटरचं लॉगिन पान उघडलं, म्हणजे तुमचा फोन आणि घरातलं वायफाय दोन्ही ठणठणीत आहेत. अडथळा राऊटरच्या पलीकडे आहे. पान उघडलं नाही तर घरातच शोधायचं.

आता दिवे बघा. हल्ली गावागावांत फायबर, म्हणजे प्रकाशातून नेट आणणारी काचेची वायर, आलं आहे, त्यामुळे ती जिथे जोडलेली असते त्या भिंतीवरच्या डब्यावर (पुष्कळदा राऊटरही त्यातच असतो) 'पॉन' आणि 'एलओएस' अशी दोन नावं बहुधा दिसतील. पॉनचा दिवा हिरवा आणि स्थिर हवा. एलओएसचा लाल दिवा लुकलुकत असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये. पावसात झाडाची फांदी केबलवर पडलेली असते, खांबावरचा जोड निसटलेला असतो, किंवा घरात कपाट सरकवताना ती पातळ फायबरची वायर दुमडलेली असते. ही शेवटची शक्यता तुम्ही तपासू शकता. वायर कुठे काटकोनात मोडली असेल तर हलक्या हाताने मोठा गोल वळसा द्या. पण तिचं टोक काढून फुंकर मारू नका, बोटाने पुसू नका आणि डोळ्यासमोर तर मुळीच धरू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. बाकीचं काम लाइनमनचं.

लाल दिवा नाही, पॉन स्थिर आहे, तरीही कुणालाच नेट नाही, असं असेल तर डब्याचा स्विच बंद करा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा चालू करा आणि तीनेक मिनिटं हात न लावता वाट बघा. पाचव्या सेकंदाला पुन्हा बंद करण्यात काही अर्थ नाही, त्याला सुरू व्हायला तेवढा वेळ लागतोच.

चिऱ्याची भिंत

आमच्या भागात सगळ्यात जास्त त्रास याच गोष्टीचा आहे, आणि कंपनीच्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नसते. डिचोली, सत्तरी, फोंडा, पेडणे, कुठेही जा, जुनं घर म्हणजे चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) नाहीतर मातीचं. हात-दीड हात जाडीच्या भिंती, मध्ये राजांगण, म्हणजे उघडं चौकाचं अंगण, भोवती खोल्या. उन्हाळ्यात आत गारवा देणारी तीच भिंत वायफाय गिळते. चिरा सच्छिद्र असतो, पाऊस लागला की पाणी धरून ठेवतो, आणि ओली भिंत रेडिओलहरी जास्त शोषते. "मे महिन्यात चालत होतं, आता जुलैत का नाही?" असं विचारणारे लोक खोटं बोलत नसतात.

मयेत एका घरी गेलो होतो. राऊटर दर्शनी खोलीत, टीव्हीच्या लाकडी कपाटात, दार लावून ठेवलेला, कारण काकींना ती लोंबती वायर पाहुण्यांसमोर नको होती. मुलगी बारावीला, तिचं टेबल माजघराच्या पलीकडच्या खोलीत. फोनवर सिग्नल मोजणारं अॅप उघडलं. राऊटरपाशी उणे ४२ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक), तिच्या टेबलावर उणे ८४. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनधोक चालतो, उणे ८० च्या पलीकडे गेलं की कनेक्शन दिसतं पण काम होत नाही. राऊटर कपाटाबाहेर काढला, फायबर थोडी लांबवून घेतली आणि डबा राजांगणाकडे उघडणाऱ्या दाराच्या वर, भिंतीवर उंच लावला. मुलीच्या टेबलावर उणे ६३ आलं. राजांगण मोकळं, त्यामुळे लहरी भिंतीतून न जाता अंगणातून फिरून पलीकडच्या दारातून आत गेल्या. प्लॅन तोच, राऊटर तोच. काकी म्हणाल्या, "म्हणजे दार उघडं ठेवायला हवं होतं!" अगदी बरोबर.

तेव्हा जागा निवडताना भिंती मोजा, अंतर नंतर. राऊटर शक्यतो घराच्या मध्यावर आणि माणसाच्या डोक्याहून उंच हवा. लोखंडी कपाटामागे, फ्रिजवर, मोठ्या आरशाशेजारी, पाण्याच्या टाकीजवळ किंवा माशांच्या टाकीमागे नको. धातू लहरी परतवतो आणि पाणी शोषतं.

जागा बदलूनही मागच्या खोल्या कोरड्याच राहिल्या तर लोक एक्स्टेंडर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, आणतात आणि जिथे सिग्नल मरतो नेमका तिथेच लावतात. त्याला स्वतःलाच काही मिळत नाही, तो पुढे काय देणार? तो वाटेत, सिग्नल अजून चांगला असेल अशा ठिकाणी लावायचा. तिथेही एकाच बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) घेणं आणि देणं दोन्ही करावं लागत असल्यामुळे वेग साधारण निम्मा होतो.

मला विचाराल तर चिऱ्याच्या घरात लॅन केबलला, म्हणजे वायरीने नेट नेण्याला, पर्याय नाही. कौलारू घराचा इथे एक मोठा फायदा आहे. आतल्या भिंती पुष्कळदा छपरापर्यंत जात नाहीत, माथ्यावर फट असते. भिंतीला भोक न पाडता कॅट सिक्स केबल तिथून नेता येते. शंभर मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते, म्हणजे गोठ्यापर्यंत गेलात तरी पुरते. फक्त ती प्लॅस्टिकच्या पाइपमधून न्या, नाहीतर उंदीर कुरतडतात, आणि विजेच्या वायरीला चिकटवून नेऊ नका. दुसऱ्या टोकाला कपाटात पडलेला जुना राऊटर चालतो. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ सारखा मोकळा पत्ता द्या, आणि केबल त्याच्या वॅन (बाहेरून नेट येण्याच्या) पोर्टमध्ये न घालता लॅन (घरातल्या जोडणीच्या) पोर्टमध्ये घाला. वायफायचं नाव आणि पासवर्ड पहिल्या राऊटरचेच द्या, म्हणजे घरात फिरताना फोन आपोआप जवळचा पकडतो. डीएचसीपी बंद करायला विसरलात तर दोन्ही राऊटर पत्ते वाटू लागतात आणि मग अर्ध्या घराचं नेट कधी चालतं, कधी नाही, असा न कळणारा घोळ होतो.

दोन नावं दिसतात, कुठलं निवडायचं?

बहुतेक राऊटर दोन बँडवर चालतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाच वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानतो. दोन पॉइंट चार संथ, पण दूरवर पोचतो. राऊटर असलेल्या खोलीत टीव्ही आणि लॅपटॉप पाचवर ठेवा. मागची खोली, प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरा दोन पॉइंट चारवर. स्वस्तातले प्रिंटर आणि कॅमेरे बहुधा पाच गिगाहर्ट्झ ओळखतच नाहीत. तेव्हा "प्रिंटरला वायफाय दिसत नाही" असं झालं तर आधी हेच बघा.

गावात शेजारचं घर लांब, त्यामुळे तिथे शत्रू भिंत. पर्वरीच्या किंवा म्हापशाच्या फ्लॅटमध्ये उलटं असतं. भिंती पातळ, पण फोनवर शेजाऱ्यांची वीस-वीस वायफाय दिसतात आणि सगळी एकमेकांच्या आवाजात बोलत असतात. तिथे राऊटरच्या पानावर जाऊन २.४ चं चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जे कमी वापरात असेल ते निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. हीच तीन चॅनेलं एकमेकांवर चढत नाहीत. ३ किंवा ४ निवडून दोन्हीकडचा गोंगाट पदरी घेऊ नका. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. मासळी गरम करताना नेट अडकत असेल तर कारण तेच.

फक्त फोनलाच त्रास असेल तर

विमान मोड चालू करून दहा सेकंदांनी बंद करा. मग त्या वायफायवर 'फर्गेट' करून पासवर्ड पुन्हा टाका. मात्र आधी पासवर्ड हाताशी ठेवा. अँड्रॉइडवर दुसऱ्या जोडलेल्या फोनवरून 'शेअर' दाबलं की क्यूआर कोड येतो आणि बऱ्याच फोनवर खाली पासवर्डही दिसतो. आयफोनवर २०२२ च्या आयओएस १६ पासून वायफाय सेटिंगमध्येच पासवर्ड बघता येतो.

'कनेक्टेड, नो इंटरनेट' असं दिसत असेल आणि बाकी सगळ्यांचं चालत असेल, तर तीन गोष्टी तपासा. फोनची तारीख-वेळ बरोबर आहे का? बॅटरी पूर्ण उतरून बंद पडलेला जुना फोन कधीकधी भलतीच तारीख घेऊन उठतो, आणि तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत. दुसरं, एखादं व्हीपीएन अॅप (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारं) चालू राहिलंय का? तिसरं, 'प्रायव्हेट डीएनएस', म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचं सेटिंग. जाहिराती बंद करण्यासाठी कुणीतरी तिथे काहीतरी भरून ठेवतं, ती सेवा बंद पडते आणि फोन मुका होतो. ते 'ऑटोमॅटिक' करा.

नवा राऊटर लावल्यावर फक्त जुनाच फोन जोडला जात नसेल तर राऊटरची सुरक्षा 'डब्ल्यूपीए ३' वर असेल. ती २०१८ साली आली, त्याआधीच्या बहुतेक फोनना कळत नाही. 'डब्ल्यूपीए २/३ मिश्र' निवडा. सुरक्षा पूर्ण काढून वायफाय उघडं मात्र कधीही टाकू नका.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर सेटिंगमधलं 'नेटवर्क रीसेट'. त्याने फोटो, नंबर जात नाहीत. जतन केलेली वायफाय, ब्लूटूथची जोडणी अशा नेटवर्कच्या सेटिंग्ज तेवढ्या पुसल्या जातात.

लॅपटॉपचं थोडं वेगळं

आधी फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडा. चाललं, तर लॅपटॉपचं वायफाय कार्ड ठीक आहे. नाही चाललं तर पुढचं बघा.

शटडाउन करून पुन्हा चालू केला म्हणजे रीस्टार्ट झाला असं सगळे समजतात. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन करताना आतला काही भाग जसाच्या तसा साठवून ठेवला जातो आणि अडकलेला ड्रायव्हरही (वायफाय कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) अडकलेलाच परत येतो. म्हणून मेनूमधलं 'रीस्टार्ट' दाबा.

वायफायचं चिन्हच गायब असेल तर विमानाचं चित्र असलेली वरची की चुकून दाबली गेली आहे का ते पाहा. झोपेतून उठवल्यावर दर वेळी नेट तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अॅडॉप्टर, तिथे वायफाय कार्ड, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट, आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी देणारी खूण काढून टाका. हा पर्याय सगळ्या लॅपटॉपवर दिसत नाही, पण दिसला तर पुष्कळदा इथेच काम होतं.

नेटवर्कच्या माहितीत आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपला राऊटरकडून पत्ता मिळालेला नाही, त्याने स्वतःच एक घेतला आहे. 'फर्गेट' करून पुन्हा जोडा; तरी तसंच राहिलं तर राऊटर बंद-चालू करा.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून लोकांना नवल वाटतं. यूएसबी ३ ची बाहेरची हार्डडिस्क लॅपटॉपला लावून कॉपी चालू असताना २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय आणि बिनवायरीचा माउस दोन्ही अडखळतात. त्या जोडणीतून त्याच पट्ट्यात गोंगाट निघतो. डिस्क लांब वायरीने दूर ठेवा किंवा तेवढ्यापुरतं पाचवर जा.

वीज, विजा आणि अडॅप्टर

राऊटर दिवसातून चारदा आपोआप बंद-चालू होतो, विशेषतः सगळे एकदम वापरायला लागले की. अशा वेळी मी राऊटरआधी त्याचा अडॅप्टर बदलून बघतो. सतत कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजने आणि दमट हवेने तो आतून कमजोर होतो. दिवे लागतात, पण भार आला की दम पुरत नाही. नवा घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, १२ ला १२ च. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिनेची जाडी आणि अधिक-उणे यांची खूण जुळायला हवी. ९ व्होल्टचा पडलाय म्हणून घातला, असं करू नका. उघडून पाहिल्यावर आत मुंग्यांचं वारूळ किंवा वाळलेली पाल निघणं पावसाळ्यात नेहमीचं आहे, म्हणून डबा जमिनीवर आणि ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

वीज सारखी जात असेल तर राऊटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस घ्या. घराचा इन्व्हर्टर नसला तरी त्यावर काही तास निघतात.

आणि पावसाच्या आधी मे महिन्यात व परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, नुसता स्विच नव्हे. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण विजेच्या लाइनीतून आणि घराबाहेरून नेलेल्या लॅन केबलीतून येते. जळलेल्या राऊटरला माझ्याकडेही उपाय नाही.

चवथीचे दिवस

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मुंबईची, पुण्याची सगळी मंडळी घरी येतात. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून होते न होते तोच पोरं पासवर्ड विचारतात, आणि एरवी पाच फोनांच्या घरात तीस फोन जोडले जातात. स्वस्त राऊटर तेवढ्यांना धड सांभाळत नाही. त्यात प्रत्येक फोन वायफाय मिळताच दिवसभराचे आरतीचे फोटो वर पाठवायला लागतो आणि जायची वाट तुंबते. आल्या-आल्या सगळ्यांना फोटोंचा आपोआप बॅकअप रात्रीपर्यंत थांबवायला सांगा. राऊटरवर 'गेस्ट नेटवर्क' असेल तर पाहुण्यांना तेच द्या. ते परत गेल्यावर तेवढंच बंद करता येतं, घरच्या पासवर्डला हात लावावा लागत नाही. नव्या फोनना 'आयपी मिळवत आहे' असं दाखवून पुढे सरकतच नसेल तर राऊटरच्या डीएचसीपीमध्ये किती पत्ते ठेवलेत ते बघा. २० असतील तर १०० करा.

ते बारीक भोक आणि तक्रारीचा फोन

राऊटरच्या मागे टाचणी जाईल एवढं रीसेटचं भोक असतं. ते दाबलं की वायफायचं नाव आणि पासवर्ड तर जातोच, पण बऱ्याच जोडण्यांमध्ये कंपनीने भरलेलं युजरनेम आणि पासवर्डही जातो. मग लाइन चांगली असूनही माणूस येईपर्यंत घर नेटशिवाय. रविवारी दुपारी ते कधीच दाबू नका. दाबायचंच असेल तर आधी राऊटरच्या पानावरच्या सेटिंग्जचे फोटो काढून ठेवा.

तक्रार करताना "नेट गेलं" एवढंच सांगितलं की पलीकडून "राऊटर बंद-चालू करा" हेच उत्तर येतं. त्याऐवजी असं सांगा: एलओएस लाल आहे की पॉन स्थिर हिरवा आहे, कधीपासून, दोन फोनवर आणि लॅन केबल लावून लॅपटॉपवरही बघितलं, राऊटरचं पान उघडतं. डब्याच्या पानावर 'आरएक्स पॉवर' (फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) दिसत असेल तर तो आकडाही वाचून दाखवा. उणे २७ डीबीएमच्या खाली गेला असेल तर लाइनमध्ये कुठेतरी जोड किंवा वळण बिघडलंय हे त्यांच्या माणसाला फोनवरच कळतं आणि तो शिडी, जोडणीचं यंत्र घेऊनच येतो. तक्रार क्रमांक मागून लिहून घ्या. वेग कमी असल्याची तक्रार असेल तर वायफायवर मोजलेला वेग ते धरत नाहीत, म्हणून केबल लावून, बाकी सगळे फोन तोडून मोजा. आणि मोजताना लक्षात ठेवा, प्लॅनमधला १०० हा आकडा मेगाबिटचा असतो. फाइल उतरवताना दिसतो तो मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला बारा मेगाबाइटच्या आसपास मिळत असेल तर तुम्हाला पुरे शंभर मिळताहेत.